म्हातारपण आले म्हणून डोळे जात नाहीत

"वय झालं माय, आता डोये तं जातीनच!" हे बोल वऱ्हाडात घरोघर ऐकू येतात. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत ऐकू येतात, तसे मेळघाटातल्या सेमाडोहलाही ऐकू येतात. बोलणारा सहज बोलून जातो, ऐकणारे मान डोलावतात. पण या एका समजुतीपायी कितीतरी आजी-आजोबा वर्षानुवर्षे उगीच अंधारात बसून राहतात. घरातल्या कर्त्या माणसांनी याचा विचार करावा, म्हणून आम्ही हा विषय या पानावर घेतला आहे.

सेमाडोह हे परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावरचे, सिपना नदीकाठचे गाव. चहूकडे व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. मेळघाटातल्या म्हाताऱ्या माणसाला घरात बसून चालत नाही. उन्हाळा लागला की पहाटे मोहफुले वेचायला जावे लागते. मोहफुलांवर अस्वलही येते. डोळ्यांपुढे धुके असेल, तर झाडाखालची काळी आकृती वेळेवर ओळखू येत नाही. रात्री अंगणात उतरताना पायाखालचा साप दिसत नाही. अशा मुलखात नजर अधू होणे म्हणजे जिवाला धोका. शहरात रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांचेही तेच.

चाळिशी आणि मोतीबिंदू

चाळीस वर्षांच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते. सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, कागद वाचायला हात लांब न्यावा लागतो. आपल्या भाषेने या चष्म्याचे नावच 'चाळिशी' ठेवले आहे. हा आजार नव्हे. डोळे तपासून साधा चष्मा घेतला की शिवणकाम, निवडणे-टिपणे, वाचन पूर्ववत होते. मात्र शेजाऱ्याचा किंवा बाजारातला चष्मा अंदाजाने लावू नये. त्याने डोळा बिघडत नाही, पण तपासणी राहून जाते आणि आत दडलेला आजार वाढत राहतो.

मोतीबिंदूत तेच भिंग गढूळ होते. वय हे त्याचे मुख्य कारण. कडक ऊन, चुलीचा धूर, तंबाखू आणि मधुमेह यांमुळे तो लवकर येऊ शकतो. म्हणून उन्हात टोपी किंवा डोक्यावर पदर असावा, चुलीचा धूर बाहेर जायला वाट असावी आणि बिडी-खर्रा सोडावा. झालेला मोतीबिंदू मात्र थेंबांनी, मधाने किंवा कोणत्याही जडीबुटीने जात नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते.

"मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू," हा सल्ला आता जुना झाला. पूर्वी गढूळ भिंग काढून घेत आणि जाड काचांचा चष्मा देत, म्हणून थांबावे लागे. पुढे लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांना एक गोष्ट आढळली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे कण घुसले होते, तरी डोळा त्यांना सहन करत होता. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या कारखान्यात अशी भिंगे स्वस्तात तयार होऊ लागली आणि ती गरिबांच्या आवाक्यात आली. आता रोजच्या कामाला अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करावी. फार थांबले तर मोतीबिंदू फुगून डोळा दुखू लागतो आणि कधी कधी कायमचा जातो. हिवाळ्याचीही वाट पाहायला नको. कोणत्याही ऋतूत शस्त्रक्रिया होते.

गेलेली नजर परत न येणारे आजार

काचबिंदूचे तसे नाही. यात डोळ्यातला दाब बहुधा वाढतो आणि मागची नस सुकत जाते. बहुतेकांना काही दुखत नाही. आधी बाजूचे दिसणे कमी होते, म्हणून ते लक्षातच येत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळीच औषध सुरू केले तर उरलेली राखता येते. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने तपासून घ्यावे. एकाएकी डोळा लाल झाला, असह्य दुखू लागला, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर 'पित्त झाले' म्हणून झोपून राहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मधुमेह असलेल्यांनी दिसत असले तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासावा. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्याही पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ शकतात. आणखी एक इशारा: डोळा लाल झाला की मेडिकलमधून मनाने थेंब आणून टाकू नका. त्यांत स्टेरॉइड असेल आणि ते फार दिवस वापरले, तर त्यानेच काचबिंदू होऊ शकतो.

घरी काय करावे

आज संध्याकाळी घरातल्या ज्येष्ठांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे करा. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून तारखा वाचायला सांगा. अक्षरओळख नसेल तर दुरून बोटे मोजायला सांगा. पुष्कळदा एक डोळा गेलेला असतो आणि दुसऱ्यामुळे ते कळत नाही. उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढा, न्हाणीकडच्या वाटेवर दिवा लावा.

आपल्या देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. शिबिर कधी, पुढे कुठे जायचे, हे तिथे किंवा आशाताईंना विचारावे. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव यांनी रुग्णालय उभे केले. तिथे नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव यांनी मेळघाटातच राहून आदिवासींच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. जाताना आधार आणि रेशन कार्ड सोबत घ्यावे. परतल्यावर सांगितलेले थेंब हात धुऊन टाकावेत, चुलीपासून दूर राहावे, डोळ्यात नदी-नाल्याचे पाणी जाऊ देऊ नये.

शस्त्रक्रिया मोफत असली तरी सोबत जाणाऱ्याची रोजी बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आजी म्हणते, "राहू दे बाप्पा, माह्यासाठी कायले?" तिचे हे बोलणे खरे मानू नका. भावंडांनी मिळून एकेक दिवस वाटून घ्यावा, शेजाऱ्यांनी घराकडे पाहावे. चार दिवसांची मजुरी पुन्हा मिळवता येते. काचबिंदूने नेलेली नजर मात्र कोणालाच परत आणता येत नाही.