लॅपटॉपचा प्रोसेसर बदलण्यापूर्वी
(द्वितीय वर्ष, कला)

यंत्राविषयीचा लेख कलाशाखेच्या विद्यार्थ्याने का लिहावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आपल्या वसतिगृहातच आहे. येथील बहुतेकांचे लॅपटॉप जुने, कुठल्यातरी कचेरीतून बाद झालेले आणि दुसऱ्या हातचे आहेत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या लॅपटॉपचे पैसे सोयाबीनच्या पट्टीतून आले. असा लॅपटॉप रेंगाळू लागला की, "प्रोसेसर बदल, नव्यासारखा पळेल" असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला कधी खरा ठरतो, तर कधी त्यापायी घरचे पैसे पाण्यात जातात. यांतले काय होणार, हे आधीच कसे ओळखावे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, हे आपण शाळेत शिकलो. तो मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, दोन प्रकारे बसवलेला असतो. एका प्रकारात तो सॉकेटमध्ये बसतो व काढता येतो. दुसऱ्या प्रकारात तो पाटीला कायमचा डाखलेला असतो. २०१५ पासून, म्हणजे इंटेलच्या पाचव्या पिढीपासून, सर्वसाधारण लॅपटॉपमधले प्रोसेसर डाखलेलेच येतात. त्याआधीच्या यंत्रांतही नावाच्या शेवटी 'यू' हे अक्षर असेल, तर प्रोसेसर डाखलेला आहे असे समजावे. अशा लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलण्याचा विचार सोडून द्यावा हे उत्तम. 'सीपीयू-झेड' नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये 'पॅकेज' या ओळीत ही माहिती मिळते. तेथे 'बीजीए' असे लिहिलेले असेल तर तो डाखलेला आहे.

समजा, सॉकेट आहे. तरीही काम संपत नाही. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. २०१० च्या पहिल्या पिढीचे सॉकेट जी-१ आणि २०११ च्या दुसऱ्या पिढीचे जी-२, दोन्ही ९८८ पिनांचीच. परंतु पिनांची जोडणी वेगळी असल्यामुळे एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. २०१२ ची तिसरी पिढी मात्र जी-२ मध्येच बसते. २०१३ च्या चौथ्या पिढीने पुन्हा जी-३ हे निराळे सॉकेट आणले.

बसला म्हणजे चालला, असेही नाही. लॅपटॉप सुरू होताना प्रथम बायोस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो व प्रोसेसरची ओळख पटवतो. घरात पाहुणा आला, पण दारावरच्या माणसाला त्याचे नावच ठाऊक नसले, तर तो बाहेरच उभा राहणार! लेनोवोच्या २०११ सालच्या थिंकपॅड टी-४२० चे उदाहरण घ्या. त्याचे सॉकेट जी-२ आहे, म्हणून तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर त्यात बसतो. परंतु कंपनीच्या मूळ बायोसला तो ओळखता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका पाहावी. तीत दिलेल्या यादीतलाच प्रोसेसर घ्यावा. बायोस नवा करायचा असल्यास तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावा. नंतर यंत्र सुरूच झाले नाही, तर तो करणार कसा?

तिसरी अडचण उष्णतेची. आय-३ २३१०एम आणि आय-५ २५२०एम हे दोन्ही ३५ वॅटचे आहेत, त्यामुळे पंख्यावर जादा भार पडत नाही. चार कोअरचा आय-७ २६३०क्यूएम मात्र ४५ वॅटचा आहे. ३५ वॅटसाठी बनवलेल्या पंख्यावर व तांब्याच्या नळीवर तो बसवला, तर तापल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो आणि फारच तापला तर यंत्र बंद होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही खरे.

प्रत्यक्ष बदलताना चार्जर व बॅटरी काढावी आणि धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. पंख्याचे स्क्रू तिरप्या क्रमाने थोडेथोडे सैल करावेत. सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की प्रोसेसर सुटतो. नवा ठेवताना कोपऱ्यावरची खूण जुळवावी. तो आपल्या वजनानेच खाली बसला पाहिजे, दाबायचा नाही. जुना लेप पुसून नवा उष्णतावाहक लेप अगदी थोडा लावावा.

त्यानंतर पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, असे झाले तर घाबरू नये. जुना प्रोसेसर परत बसवून पाहावा. त्याने यंत्र सुरू झाले, तर दोष बहुधा बायोसच्या ओळखीत किंवा नव्या प्रोसेसरमध्ये आहे. तरीही सुरू झाले नाही, तर मेमरीची पट्टी व सैल राहिलेल्या जोडण्या तपासाव्यात. थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद पडत असेल, तर लेप आणि पंख्याचे स्क्रू पाहावेत. म्हणूनच जुना प्रोसेसर लगेच विकून टाकू नये.

आता मुख्य प्रश्न: एवढे करावे का? २३१०एम चा वेग २.१ गिगाहर्ट्झ, तर २५२०एम चा २.५, गरजेला ३.२ पर्यंत, कोअर मात्र दोन्हीकडे दोनच. लॅपटॉप रेंगाळतो तेव्हा टास्क मॅनेजर उघडून पाहावे. 'डिस्क' शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. मेमरी भरलेली असेल, तर तिची पट्टी वाढवावी. प्रोसेसरच सतत शंभरावर असेल, तरच तो बदलण्याचा विचार करावा. शिवाय, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. दुसऱ्या पिढीच्या यंत्रात कितीही वेगवान प्रोसेसर बसवला तरी ही अट पुरी होत नाही. तेथे लिनक्स हाच मोफत मार्ग आहे.

पैसे खर्च करण्यापूर्वी तपासणीला लागतो फक्त अर्धा तास. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तेवढ्याच पैशांसाठी कुणाला तरी उन्हात कित्येक दिवस राबावे लागते. म्हणून आधी तपासावे आणि मगच विकत घ्यावे, एवढीच माझ्या मित्रमैत्रिणींना विनंती.