विनय आणि न्यूनगंड

"सर, मी जरा ढच आहे, पण एक विचारू का?" वर्गात प्रश्न विचारताना आपल्यापैकी अनेकांची सुरुवात अशीच होते. गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला प्रमाण विचलन शिकवले जात असताना मीही अशीच उभी राहिले. प्रत्येक गुणाचे सरासरीपासूनचे अंतर काढल्यावर त्याचा पुन्हा वर्ग कशासाठी करायचा, एवढेच मला विचारायचे होते. मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांनी शांतपणे सांगितले की, अधिक आणि उणे अंतरे नुसती मिळवली तर त्यांची बेरीज नेहमी शून्यच येते. वर्ग केला म्हणजे उणे चिन्ह नाहीसे होते. मग ते म्हणाले, "प्रश्न योग्य होता. त्याच्या आधीचे वाक्य कशाला हवे होते?"

त्या 'कशाला'चे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

स्वतःकडे कमीपणा घेणे ही आपल्याकडे सभ्यतेची खूण मानली जाते. आपण आपल्या घराला झोपडी म्हणतो, पंचपक्वान्नांना मीठभाकर म्हणतो. आपल्या वाङ्मयाचा आरंभकाळच पाहावा. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानदेवांनी सुरुवातीलाच श्रोत्यांपुढे आपले लहानपण मांडले आहे. पण ते मांडून ते थांबले नाहीत. पुढे सुमारे नऊ हजार ओव्या त्यांनी सिद्धीस नेल्या. तुकोबा विठ्ठलापुढे कितीही लीन झाले, तरी दांभिकांपुढे त्यांची वाणी मुळीच लीन होत नाही. म्हणजे खरा विनय माणसाला कामाला लावतो. तो काम टाळण्याची सबब होत नाही.

परंतु कमीपणाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो मी घरातच पाहिला आहे. माझे वडील कोणत्याही कचेरीत गेले की, "साहेब, आम्ही अडाणी माणसं," असे म्हणूनच बोलायला लागतात. वस्तुतः मूठभर माती हातात घेऊन वाफसा आला की नाही हे सांगणारा माणूस अडाणी कसा? पण स्वतःला अडाणी म्हणवून घेतले की समोरचा खेकसत नाही, झालेली चूक पोटात घालतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले आहे. हा विनय नव्हे, ही ढाल आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुस्तके नवी घेतली, पण ढाल मात्र घरचीच घेऊन आले.

या ढालीचा उत्तम उलगडा व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर (१८७०–१९३७) यांच्या विचारांत सापडतो. लहानपणी ते मुडदुसाने आजारी होते. गणितात कच्चे म्हणून त्यांना शाळेतून काढून चांभाराकडे कामाला ठेवावे, असा सल्ला एका शिक्षकाने दिला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अ‍ॅडलर यांच्या मते न्यूनतेची भावना प्रत्येक माणसात असते, कारण प्रत्येकजण लहान आणि दुबळा म्हणूनच जन्माला येतो. ही भावना वाईट नाही. माणसाची सारी धडपड तिच्यातूनच उगम पावते. पण 'मी असाच आहे, मला जमणार नाही' अशी ती कायमची सबब झाली की तिचा न्यूनगंड होतो. अहंगंड ही याच नाण्याची दुसरी बाजू, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे स्वतःला ढ म्हणणारी मी आणि मागच्या बाकावरून हसणारे माझे मित्र, आम्ही दोघेही एकाच भीतीपासून लपत होतो!

आता 'ढ' आणि 'हुशार' या शब्दांकडे वळू. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, मोजूनमापून मिळालेली वस्तू आहे, असे आपण गृहीत धरतो. बुद्धिमापनाचा पाया ज्यांनी घातला त्या आल्फ्रेड बिने यांना मात्र हे मान्य नव्हते. फ्रान्समध्ये १९०५ साली थिओडोर सिमाँ यांच्यासह त्यांनी पहिली कसोटी तयार केली, ती मुलांवर शिक्के मारण्यासाठी नव्हे, तर कोणाला अधिक मदत हवी हे ओळखण्यासाठी. बुद्धी वाढूच शकत नाही या मताचा १९०९ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कडक निषेध केला आहे.

शिवाय आपला स्वतःविषयीचा अंदाज तरी कितपत खरा असतो? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ साली विद्यार्थ्यांच्या तर्कशास्त्र, व्याकरण इत्यादींच्या चाचण्यांवरून काही निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत मागे असलेल्या गटातील विद्यार्थी सरासरीने शंभरांपैकी जेमतेम बारा जणांच्या पुढे होते. पण आपण बासष्ट जणांच्या पुढे आहोत अशी त्यांची समजूत होती. उलट सर्वांत पुढे असलेल्यांनी आपले स्थान प्रत्यक्षाहून खाली धरले होते. तात्पर्य, 'मी हुशार' आणि 'मी ढ' या दोन्ही घोषणांवर फारसा विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

येथपर्यंतचा विचार स्वतःपुरता झाला. पण वर्गात आपण एकटे नसतो. त्या दिवशी तास संपल्यावर माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, "मलाही तेच विचारायचं होतं गं. पण तू स्वतःला ढ म्हणालीस, मग मी गप्पच बसले." तिचे हे वाक्य मला फार लागले. एखादी गोष्ट समजली नाही म्हणून मी स्वतःला ढ म्हटले, की ती गोष्ट न समजलेल्या सगळ्यांनाच मी ढ म्हटलेले असते! माझा कमीपणा माझ्यापुरता राहत नाही. शिवाय शिकवणाऱ्यांवरही त्याचा भार पडतो. शंकेचे निरसन करण्याऐवजी त्यांना आधी माझे सांत्वन करावे लागते.

अ‍ॅडलर यांनी न्यूनगंडावर उपाय सांगितला तो समाजभावनेचा, म्हणजे आपले लक्ष स्वतःवरून काढून इतरांकडे आणि हातातील कामाकडे नेण्याचा. वर्गात त्याचा अर्थ अगदी साधा आहे. "मी ढ आहे" असे न म्हणता, "येथपर्यंत समजले, पुढची पायरी समजली नाही," असे म्हणावे. पहिल्या वाक्यात माणसाचा निवाडा आहे, तर दुसऱ्यात कामाचा हिशेब. आणि दुसरा कोणी कमीपणा घेऊन उभा राहिला तर त्याला हसू नये, 'तू तर किती हुशार' असेही म्हणू नये. त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे. उत्तर मिळण्याइतका मान त्याच्या प्रश्नाला आहे, हे त्यातूनच त्याला कळते.

माझ्या वडिलांची ढाल त्यांनी खाली ठेवावी असे मी त्यांना सांगू शकत नाही. कचेरीतल्या टेबलापलीकडचा माणूस बदलल्याशिवाय ते व्हायचे नाही. पण उद्या त्या टेबलापलीकडे आपल्यापैकीच कोणीतरी बसणार आहे. समोरच्याला स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावे न लागता त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायची सवय आपल्याला याच वर्गात लावून घेतली पाहिजे.