नगरची अ‍ॅना आणि तळोज्याची अर्जदार

थायलंडमधल्या शाळांच्या जाहिराती वाचताना पगाराच्या आधी तीन अक्षरं शोधावी लागतात: एनईएस. नेटिव्ह इंग्लिश स्पीकर, म्हणजे इंग्रजी ही ज्याची मातृभाषा तो. तिथल्या भरतीत या गटात सातच देश धरले जातात: ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. उरलेलं सगळं जग 'नॉन-नेटिव्ह'. खारघर-तळोजा पट्ट्यातल्या शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकवलेली, एम.ए., बी.एड. झालेली बाई या दुसऱ्या रांगेत उभी राहते. कुठल्याही विषयाची पदवी घेऊन पाठीवर सॅक अडकवून आलेला, आयुष्यात एकदाही वर्ग न घेतलेला मँचेस्टरचा मुलगा पहिल्या रांगेत. पहिल्या रांगेचा पगार साधारण 30 ते 40 हजार बाट, दुसरीचा 15 ते 25 हजार. एका बाटला अडीच रुपयांहून थोडं जास्त धरून हिशेब करावा.

तरीही अर्ज जातात, आणि जाणारच. तळोजा म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, नाहीतर कारागृह. पण सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या, नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि या भागात नवा मध्यमवर्ग राहायला आला. त्याच्या पाठोपाठ इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या, क्लासेस आले आणि तिथे शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकाही. अनेक खासगी शाळांत बी.एड. होऊनही हातात पडणारा पगार घराच्या हप्त्यालाही पुरत नाही. मोबाइलवर 'टीच इन थायलंड' असं दिसलं की 20 हजार बाट म्हणजे 50 हजारांच्या वर, हा गुणाकार मनातल्या मनात होऊन जातो.

थायलंडला शिक्षक हवेत, ही काही थाप नाही. 'एज्युकेशन फर्स्ट' या संस्थेच्या 2024च्या इंग्रजी प्रावीण्य निर्देशांकात 116 देशांत थायलंड 106वा होता. भारत 69वा, फिलिपिन्स 22वा. थायलंडवर कुणा इंग्रजांनी राज्य केलं नाही, त्यामुळे कचेरीची किंवा कोर्टाची भाषा म्हणून इंग्रजी तिथे रुजलीच नाही. आता पर्यटनावर मोठा रोजगार उभा आहे आणि पालकांना मुलांच्या तोंडी इंग्रजी हवी आहे. सरकारी आणि खासगी शाळांत 'इंग्लिश प्रोग्राम'च्या वेगळ्या तुकड्या निघतात, त्यांची फी जास्त असते आणि त्यांच्यासाठी परदेशी चेहरा लागतो. चेहरा हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे.

या चेहऱ्याच्या हट्टाचा इतिहास जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. थायलंडमध्ये नोकरी केलेली जगातली सर्वात प्रसिद्ध परदेशी इंग्रजी शिक्षिका आपल्या नगरची होती.

अ‍ॅना लिओनोवेन्स. 'द किंग अँड आय' या 1951च्या संगीत नाटकाची आणि 1956च्या सिनेमाची नायिका. झगा फुगवून सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, राजाबरोबर नाचणारी गोरी, खानदानी इंग्रज बाई जगानं पाहिली ती तिथे. खरी अ‍ॅना एडवर्ड्स नोव्हेंबर 1831 मध्ये अहमदनगरच्या लष्करी छावणीत जन्मली. बाप थॉमस एडवर्ड्स ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत सार्जंट, तो तिच्या जन्माआधीच वारला. आई मेरी अ‍ॅन ही कंपनीच्या एका अधिकाऱ्याची मुलगी. आजी बहुधा भारतीय किंवा मिश्र वंशाची असावी, असं अभ्यासक मानतात. आईनं दुसरं लग्न केलं आणि कुटुंब पुण्याला आलं. पुण्यातच 1849च्या नाताळच्या दिवशी अ‍ॅनाचं थॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशी लग्न झालं. पुढे दोघं ऑस्ट्रेलियाला गेली, तिथून पेनांगला. दोन मुलं लहानपणीच दगावली. पेनांगला 1859 मध्ये नवराही गेला. पदरात दोन मुलं आणि गाठीला काही नाही, अशा स्थितीत सत्ताविशीची विधवा सिंगापूरला पोचली.

सिंगापूरला तिनं स्वतःचा जन्मच बदलून टाकला. आपण वेल्समधल्या कार्नार्व्हनच्या, जन्मसाल 1834, नवरा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. नगर गेलं, पुणे गेलं, सार्जंट बाप गेला, आजी तर कधी नव्हतीच. तिनं अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. वसाहतीतल्या गोऱ्या समाजात छावणीत वाढलेल्या, मिश्र रक्ताच्या बाईकडे आपली मुलं कुणी पाठवली नसती. तिचं खोटं बोलणं योग्य होतं की नाही हा वाद चरित्रकार घालत बसतील. पण ते तिला का बोलावं लागलं हे समजायला तळोज्यातल्या अर्जदाराला वेळ लागू नये.

सयामचा राजा मोंगकुट याला आपल्या अंतःपुरातल्या स्त्रियांना आणि मुलांना इंग्रजी शिकवायची होती. आधी अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायका यायच्या, पण त्या व्याकरणाबरोबर बायबलही शिकवायच्या. राजाला ते नको होतं. 1862 मध्ये सिंगापूरचा चिनी व्यापारी तान किम चिंग याच्यामार्फत अ‍ॅनाला बोलावणं आलं. राजानं पत्रातच स्पष्ट केलं होतं की इंग्रजी भाषा, विज्ञान आणि साहित्य शिकवा, धर्मांतराच्या भानगडीत पडू नका. पगार महिना 100 डॉलर. मुलीला इंग्लंडला शाळेत पाठवून आणि लहान मुलगा लुई याला सोबत घेऊन ती बँकॉकला आली. कबूल केलेलं वेगळं घर मिळवण्यासाठी तिला राजाशी वाद घालावा लागला, असं तिनं पुढे लिहिलं. राहण्याची सोय कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी, हा अनुभव आजच्या शिक्षकांनाही नवा नाही.

पाच वर्षांनी, 1867 मध्ये, ती रजेवर गेली ती परतलीच नाही. पुढच्या वर्षी राजा वारला आणि तिचा विद्यार्थी चुलालोंगकोर्न गादीवर आला. अ‍ॅनानं अमेरिकेत जाऊन आठवणी लिहिल्या. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर थाई इतिहासकारांचा आजही राग आहे. तिच्यावरचा 1999चा जोडी फॉस्टरचा सिनेमा थायलंडमध्ये दाखवायलाच बंदी झाली. पुढे कॅनडात हॅलिफॅक्सला कलाशाळा उभारण्यात तिनं पुढाकार घेतला आणि 1915 मध्ये माँट्रियलला ती वारली. जन्माचं गुपित तिनं शेवटपर्यंत राखलं. ते फुटलं 1976 मध्ये, ब्रिस्टो नावाच्या अभ्यासकानं तिचा मुलगा लुई याच्यावर पुस्तक लिहिताना जुनी दप्तरं धुंडाळली तेव्हा.

आज अशी थाप पचणार नाही. पासपोर्ट तिथल्या तिथे सगळं सांगतो. पण कागद खोटे करण्याचा धंदा बँकॉकमध्ये बराच काळ जोरात चालला. खाओ सान रोडवर टी-शर्ट आणि फ्राइड नूडल्सच्या गाड्यांच्या रांगेत बनावट ओळखपत्रं आणि पदव्याही मिळत. मग 2007 मध्ये एका कॅनेडियन इंग्रजी शिक्षकाचं प्रकरण घडलं. लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या छायाचित्रांत त्यानं आपला चेहरा संगणकावर भोवऱ्यासारखा फिरवून लपवला होता. तज्ज्ञांनी तो भोवरा उलटा फिरवून चेहरा परत मिळवला, इंटरपोलनं तो जगभर प्रसिद्ध केला आणि हा इसम थायलंडमध्येच सापडला. अशा प्रकरणांनंतर परदेशी शिक्षकांची चौकशी बरीच कडक झाली.

म्हणून आजची फाइल जाड असते. पदवी हवीच, ती कुठल्याही विषयाची चालते. शाळेत शिकवायचं तर 'खुरुसपा' या थाई शिक्षक परिषदेचा परवाना किंवा निदान तात्पुरती परवानगी लागते. तात्पुरती परवानगी साधारण दोन वर्षांची असते आणि तिची मुदत वाटेल तितक्या वेळा वाढत नाही. बी.एड. झालेल्या भारतीय शिक्षकाचं पारडं जड होतं ते इथे. इंग्रजी शिकवण्याचं 120 तासांचं टेफल प्रमाणपत्र घेऊन आलेल्या गोऱ्या तरुणाला पूर्ण परवान्यासाठी पुढे शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम करावा लागतो; तळोज्याच्या बाईंकडे ती पदवी आधीच असते. मात्र त्याला न लागणारी एक परीक्षा तिला द्यावी लागते. ती म्हणजे टोइक ही इंग्रजीची चाचणी: 200 प्रश्न, दोन तास, 990 गुण. साधारणपणे 600च्या वर गुण मागतात. बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटू शकतं. वाटू द्यावं आणि परीक्षा देऊन मोकळं व्हावं.

पदवी खरी आहे याची खातरजमा थेट विद्यापीठाकडून मागितली जाते. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानं कलिन्याला हेलपाटे घालायची तयारी ठेवावी. प्रमाणपत्रांवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि नरिमन पॉइंटच्या थाई वाणिज्य दूतावासापर्यंतचे शिक्के लागू शकतात. कुठले नेमके लागणार हे शाळेकडून लेखी घ्यावं. पोलिस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, पडताळणी आपल्याच पोलिस ठाण्यातून होते. वर्क परमिटसाठी डॉक्टरचा दाखलाही लागतो. त्यात क्षय, कुष्ठरोग आणि दारूच्या व्यसनाबरोबर हत्तीपाय रोग नाही, असंही लिहून द्यावं लागतं.

व्हिसाचं गणित नीट समजून घेतलं पाहिजे, कारण घोटाळा होतो तो त्यात. नोकरीसाठी 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा लागतो आणि त्यासाठी शाळेनं कागद पाठवावे लागतात. त्यानंतर वर्क परमिट, जो त्या शाळेला आणि त्या पदाला बांधलेला असतो. नोकरी सुटली की परमिटही संपला. दुसरीकडे, जुलै 2024 मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय 60 दिवसांचा प्रवेश मिळाला. हे नियम अधूनमधून बदलतात, निघण्यापूर्वी ताजे बघावेत. या सवलतीवर जाऊन मुलाखती देणारे आणि नोकरी पक्की झाल्यावर शेजारच्या लाओसमध्ये व्हिएन्टियानला जाऊन 'नॉन-बी' घेऊन परतणारे शिक्षक खूप आहेत. मात्र परमिट हातात येण्याआधी वर्गात उभं राहणं बेकायदा आहे. पकडलं गेल्यास 5 ते 50 हजार बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी. आणि 'दोन महिने असंच शिकवा, मग बघू' असं सांगणाऱ्या शाळा आहेतच.

थाई शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरमध्ये. म्हणजे भरतीचा हंगाम मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर. स्पर्धा गोऱ्यांशी नसते, ती फिलिपिनो शिक्षकांशी असते. तिथल्या परदेशी शिक्षकांत त्यांची संख्या फार मोठी आहे आणि कमी पगारात कष्ट उपसण्याची त्यांची ख्यातीही. भारतीयांनी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायची तयारी दाखवली तर दार लवकर उघडतं. थाई सिख इंटरनॅशनल स्कूलसारख्या, बँकॉकच्या भारतीय समाजाने उभ्या केलेल्या शाळाही चाचपून बघाव्यात.

एकदा वर्गात पोचलं की मात्र मराठी माणसाला परकं वाटत नाही. सकाळी आठला राष्ट्रगीत, मैदानात रांगा, वर्गात चाळीस-पन्नास पोरं. जूनमध्ये एका गुरुवारी 'वाई क्रू' म्हणजे गुरुवंदनेचा दिवस असतो. मुलं गुडघ्यांवर सरकत शिक्षकांपुढे येतात आणि फुलांची तबकं वाहतात. परंपरेनं त्यात दूर्वा, लाह्या, वांग्याची फुलं आणि इक्झोराचे तुरे असतात. दूर्वांची जुडी ओळखायला आपल्या बाईंना दुभाषा लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला म्यानमारच्या सीमेवरचं माए सोत आहे. 'थायलंडमध्ये नोकरी' सांगून भारतीय तरुणांना बँकॉकला उतरवायचं, गाडीतून माए सोतला न्यायचं, मोएई नदी ओलांडून म्यावडीच्या कुंपणात कोंडायचं आणि तिथून लोकांना ऑनलाइन फसवायला लावायचं, असा हा धंदा. संगणक आणि इंग्रजी जमणारी मुलं त्यांना हवी असतात. परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर 2022 मध्येच इशारा दिला होता. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 भारतीयांना माए सोतहून परत आणलं. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरनं म्यानमारमधून साठहून अधिक जणांची सुटका केली आणि एजंटांना अटक केली.

तेव्हा तळोज्यातून निघणाऱ्यांनी एवढं करावं. एजंट असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. शाळेचं नाव, पत्ता आणि मुख्याध्यापकांचा फोन मागा, आणि तो फोन स्वतः लावा. करारात पगार, तासिका, राहण्याची सोय आणि परमिटचा खर्च कोण करणार हे लिहिलेलं असू द्या. विमानतळावर उतरल्यावर नेणारी गाडी शाळेऐवजी सीमेकडे निघाली, तर थांबवा आणि बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाला फोन करा. तो क्रमांक घरून निघतानाच मोबाइलमध्ये ठेवा, आणि एका कागदावर लिहून पाकिटातही.