मारव्याचे खर्डे

संगीतावर लिहू पाहणाऱ्या मुलामुलींचा एक लहानसा वर्ग मी पुण्यात घेते. सुरुवातीलाच फळ्यावर काही शब्द लिहून त्यांच्यावर काट मारली जाते : मंत्रमुग्ध, दैवी, स्वर्गीय, हुरहूर, काळजाला भिडणारं. ‘मैफल उत्तरोत्तर रंगत गेली’ हे अख्खं वाक्यही त्यातच जातं. हे शब्द खोटे नसतात. पण भूपाला लावा, भैरवीला लावा, कुठेही चपखल बसतात, आणि समोरच्या गाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

कामाला मी मारवा राग घेते. उस्ताद अमीर खाँ यांची 1960 सालची एलपी. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. झूमरा तालातला विलंबित ख्याल, लय इतकी संथ की नवखा कान दोन मात्रांच्या मध्ये हरवतो. एकदा ऐकायचं आणि लगेच पानभर लिहायचं.

पहिले खर्डे बहुतेक एकाच साच्यातले येतात. मावळता सूर्य, घरट्याकडे परतणारी पाखरं, एकाकीपण. गंमत अशी की मारवा संध्याकाळचा हे ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्याच पानावर सूर्य मावळतो. एका मुलाला रागदारीचा गंधही नव्हता. त्याच्या पानावर दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसलेला माणूस होता. ते पान मी जपून ठेवलं आहे. सूर्य नाही, पाखरं नाहीत. पण वाट बघणं मात्र त्याला बरोबर ऐकू आलं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात मुलं थेट पुस्तकात शिरतात. थाट मारवा, पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, वादी रिषभ, संवादी धैवत. सगळं बरोबर, पण भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत ते आधीच नीट मांडलेलं आहे. हे सगळं गाणं न ऐकताही लिहिता येतं, खोट आहे ती इथेच.

तिसऱ्या खर्ड्यापासून एक नियम लागू होतो. प्रत्येक वाक्यासमोर, समासात, रेकॉर्डिंगमधली वेळ लिहायची. मिनिट आणि सेकंद. ज्या वाक्याला वेळ देता येत नाही ते वाक्य संशयित. या एका जाचक नियमाने जेवढं ऐकणं होतं, तेवढं माझ्या व्याख्यानांनी होत नाही.

एका मुलीचं वाक्य होतं, ‘गवयाला चैन पडत नाही.’ समासात तिने वेळ लिहिली होती, म्हणून आम्ही तिथे जाऊन पुन्हा ऐकलं. मग तिने लिहिलं, ‘गवई रिषभ लावतो आणि धरून ठेवतो.’ पण रिषभावर आला कुठून? परत हेडफोन. ‘मंद्र निषादावरून येतो, मधला षड्ज ओलांडतो.’ आणि मागे तंबोरा काय म्हणतोय? मारव्यात पंचम नाही, त्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार सहसा निषादात मिळवतात. बाकीच्या तारा मात्र षड्जाचंच घोकत असतात. पुढच्या खर्ड्यात वाक्य असं झालं : ‘तंबोऱ्यात षड्ज सतत वाजतो आहे, गवई तोच टाळून त्याला अगदी खेटून असलेल्या कोमल रिषभावर उभा राहतो.’ चैन पडत नाही हे सांगायची गरज उरली नाही. ते पहिलं वाक्य तिने आपण होऊन खोडलं.

दुसऱ्या एकाने षड्जाला घर म्हटलं आणि पायरीपर्यंत येऊन आत न शिरता मागे फिरणारा माणूस रंगवला. वर्ग खूश. मी एवढंच विचारलं की पायरी म्हणजे कोणता सूर? आणि तो माणूस घरात कधीच जात नाही का? तो पुन्हा ऐकायला बसला. गवई षड्जावर टेकतो, पण फार उशिरा, आणि तोवर ऐकणाऱ्याला त्या टेकण्याची भूक लागलेली असते. उपमा राहिली, पण त्यात उशीर आला, आणि तो आल्यावरच ती मारव्याची झाली.

मग मी पूरिया राग लावते, नाव न सांगता. सूर तेच सहा. आणि तरी वर्गाचे खांदे सैल होतात. का? इथे पेटी उघडावी लागते. काळी एक षड्ज धरला तर पूरियाचे वादी-संवादी, गंधार आणि निषाद, पांढरी चार आणि पांढरी एकवर येतात. दोन्ही एकदम दाबले की एकजीव होतात, कारण त्यांच्यात षड्ज-पंचमाचं नातं आहे. मारव्याचे रिषभ-धैवत दाबा : पांढरी दोन आणि काळी पाच. ते तसे मिसळत नाहीत. ज्या दोन सुरांवर राग उभा आहे त्यांचंच आपसात जमत नाही. मारव्याची अस्वस्थता केवळ ऐकणाऱ्याच्या मनाचा खेळ नाही, हे मुलांना बोटांनी कळतं.

त्यानंतर लावलेल्या सोहनी रागाने मात्र गुंता वाढतो. सूर पुन्हा तेच, पण वावर वरच्या षड्जाच्या आसपास, वेळ उत्तररात्रीची. ‘मुगल-ए-आझम’मध्ये बडे गुलाम अली खाँ यांनी गायलेलं ‘प्रेम जोगन बन के’ सोहनीत आहे. तिथे मुलांना शृंगार ऐकू येतो, आणि पडद्यावरचा प्रसंग आठवणाऱ्यांना तर फारच. त्यातलं सुरांचं किती, सिनेमाचं किती? वर्गात यावर कडाक्याचं भांडण होतं. माझं मत असं की अस्वस्थपणा सुरांच्या बांधणीत आहे, सूर्यास्त मात्र आपल्याला परंपरेने शिकवलेला आहे. दोन्ही खरे, लिहिताना एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नये. वर्गातल्या काहींना हे पटत नाही. त्यांच्या मते पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी ऐकून ऐकून सूर्यास्त आता सुरांतच मुरला आहे. तो मुद्दाही मला खोडता आलेला नाही.

खर्डे किती करायचे याला नियम नाही. समासातली वेळ काढून टाकल्यावरही वाक्य त्या जागी बोट ठेवत असेल, तर थांबायचं. त्या मुलीच्या शेवटच्या खर्ड्यात विशेषणं जेमतेम उरली होती, क्रियापदं भरपूर : ओलांडतो, खेटतो, रेंगाळतो, टेकतो. एका जागी मात्र तिने लिहिलंय की या आलापीत थोडा कंटाळाही आहे, आणि तो गवयाला हवा आहे. ‘कंटाळा’ हा शब्द मला खटकतो. मी दोनदा त्याखाली रेघ मारून पान परत दिलं. तिने समासात वेळ लिहून ते पुन्हा माझ्याकडे पाठवलं आहे.