जुन्या चेहऱ्याची नवी गाडी

कुर्ला पश्चिमेला, विद्याविहारला लागून असलेल्या एका रस्त्याला आजही प्रीमियर रोड म्हणतात. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा तीन नावांनी जवळजवळ एकाच अंगाची गाडी इथून बाहेर पडत असे. मग फियाट आली, तिची पद्मिनी झाली आणि डॉज मोटारी रस्त्यांवरून हळूहळू दिसेनाशा झाल्या.

त्याच डॉजने २००६ च्या डेट्रॉइट प्रदर्शनात आपली १९७० ची चॅलेंजर नव्याने घडवून मांडली. या कॉन्सेप्ट गाडीला मधला खांब, म्हणजे बी-पिलर नव्हता. पुढच्या-मागच्या काचा खाली केल्या की खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग मोकळी. जुन्या मसल कारचं सारं देखणेपण त्या मोकळ्या जागेत होतं. २००८ मध्ये गाडी विक्रीला आली तेव्हा खांब परत आला होता आणि मागची काच कायमची बंद झाली होती. त्याच प्रदर्शनात झळकलेली शेवरोले कॅमॅरोही २००९ मध्ये खांबासकटच बाजारात उतरली. बाजूने बसणारी धडक, छताचा भार आणि सीटबेल्टचा वरचा आधार, हे सगळं पेलायला तिथे पोलाद लागतं.

संपूर्ण नव्या कल्पनेच्या गाडीतून काय काय गळून गेलं, हे गिऱ्हाइकाला फारसं कळत नाही. जुन्या रूपाची गाडी मात्र लोकांच्या डोळ्यांत आधीच बसलेली असते. तिच्यात दोन बोटांचा फरक केला तरी तो खुपतो.

आपल्याकडे मसल कार घडली नाही. अंगापिंडाने दणकट, थोडी उद्दाम गाडी ही जागा इथे जीपने घेतली. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. कॅनव्हासचा हूड, दारांच्या जागी पडदे, मागे समोरासमोर बाकं, हे रूप पुढे कितीतरी वर्षं टिकलं आणि २०१० च्या पहिल्या थारमध्येही ओळखू येत होतं. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली ती बंद, टणक छताचा पर्याय आणि आत बसवलेला रोल-केज घेऊन. मागे समोरासमोर बाकं असलेल्या स्वस्त आवृत्त्या थोड्याच काळात बंद झाल्या. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत थारला चार तारे मिळाले. जुनी बाकं गेल्याची हळहळ मला समजते, पण धडकेच्या वेळी आडवं बसलेल्या माणसाला धरून ठेवणारं काहीच नसतं. तो बदल करायलाच हवा होता.

चेहऱ्याची गोष्ट आणखी नाजूक. महिंद्राची रॉक्सॉर ही जीपसारखी गाडी अमेरिकेत गेली तेव्हा तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जून २०२० मध्ये ती जीपच्या रूपावर अतिक्रमण करते असं ठरवलं. पुढचा भाग बदलल्यावरच त्या वर्षाअखेरीस आयोगाने तिला मोकळीक दिली. जीपचा वारसा १९४७ पासून सांभाळणाऱ्या कंपनीलाही पुढच्या जाळीच्या फटी जपून आखाव्या लागतात.

१५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत महिंद्राने व्हिजन टी ही कॉन्सेप्ट गाडी दाखवली. सरळ उभा चेहरा, कडांवरून खाली येणारं चपटं बॉनेट, चाकांवरच्या चौकोनी कमानी. तिच्या एनयू-आयक्यू नावाच्या नव्या सांगाड्यावरच्या गाड्या २०२७ पासून येतील, असं कंपनी म्हणते. तोवर हिचं काय होईल?

पहिला घाव बॉनेटवर पडेल, असं मला वाटतं. पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आपल्याकडे एआयएस-१०० हा नियम आहे. माणूस गाडीवर आपटला की त्याचं डोकं बॉनेटवर येतं, म्हणून पत्रा आणि खालचे कठीण भाग यांच्यात दबायला जागा हवी. मग बॉनेट थोडं वर जातं, धार गोल होते आणि तो सपाट उद्दामपणा कमी होतो. अंधेरी, घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रस्त्यांवर गाडी आणि माणूस एकाच पट्ट्यातून चालतात. तिथे ही धार बोथट होणं योग्यच आहे.

दुसरा घाव लांबीवर. या सांगाड्यावरच्या गाड्या ३,९९० ते ४,३२० मिलिमीटर लांब असतील, असं कंपनीने सांगितलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाडीला ४० टक्के. विजेवरची असेल तर लांबी कितीही असो, ५ टक्केच. थार ३,९८५ मिलिमीटरची. करसवलतीत बसावी म्हणून जानेवारी २०२३ मध्ये तिला दीड लिटरचं डिझेल इंजिन मिळालं. पेट्रोल-डिझेलवर चालणारी व्हिजन टी आली, तर तिच्या बंपरची जाडी डिझायनरइतकीच करप्रणालीही ठरवेल.

चाकं बहुधा लहान होतील. कॉन्सेप्ट गाड्यांचे मोठे रिम आणि पातळ टायर प्रदर्शनाच्या गालिच्यावर शोभतात. जुलैतल्या मुलुंडच्या खड्ड्यांत टायरला जाड कडा लागते. आरशांना, इंडिकेटरना आणि वायपरला कायद्याने ठरलेली जागा द्यावी लागेल.

शिवाय मागे लटकवलेली स्टेपनी आहे. १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला ठरावीक मापाची उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते आणि कॉन्सेप्टवर ती क्वचितच असते. स्टेपनी मधोमध ठेवली की प्लेट बंपरवर किंवा बाजूला जाते, तिच्याबरोबर दिवे सरकतात, दिव्यांबरोबर मागच्या दाराची कड. तरीही स्टेपनी बाहेरच राहावी, असा माझा आग्रह आहे. खांब, बॉनेट, टायर यांच्याबाबत कायदा आणि रस्ता जे म्हणतील ते मान्य. पण स्टेपनी आत लपवायला त्यांच्यापैकी कुणीच सांगत नाही. २०२७ नंतर गाडी शोरूममध्ये येईल तेव्हा पुढे न जाता आधी मागे जाऊन बघा.