तळेरे: चवीचा नाका

मुंबई-गोवा महामार्गावर खारेपाटण मागे पडलं की थोड्याच वेळात तळेरे येतं. गाव सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यातलं. पश्चिमेचा रस्ता विजयदुर्गाला जातो, सुमारे 50 किलोमीटर. पूर्वेचा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे कोल्हापूर गाठतो, ते पंचाऐंशी-नव्वद. प्रवासी इथे उतरतो तो एसटी बदलायला नाहीतर चहाला. बघण्यासारखं म्हणाल तर रहदारी.

ती मात्र सवड काढून बघावी. मासळी, नारळ, कोकम घाट चढतात. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या. उलट दिशेने भाजीपाला, गूळ, कांदे-बटाटे उतरतात. आणि मिरची. मालवणी मसाला आज पुण्यामुंबईच्या दुकानांत पाकिटातून मिळतो, पण त्याचा लाल रंग बेडगी आणि संकेश्वरी मिरचीचा, म्हणजे घाटापलीकडचा. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करणाऱ्या इथल्या घरांना यात नवल वाटत नाही. ‘अस्सल किनाऱ्याची चव’ म्हणून शहरात जे विकलं जातं, त्यात निम्मा वाटा घाटाचा आहे, असं माझं मत.

ही चव शहरात नेली चाकरमान्यांनी. गिरणगावात कोकणातली माणसं दाटीवाटीने राहिली, बायकांनी खाणावळी चालवल्या, नि गावचं जेवण परळ-लालबागच्या ताटात आलं. तळेऱ्याच्या माध्यमिक विद्यालयाला नाव आहे वामनराव महाडिकांचं. 1970 साली परळमधून निवडून आलेले ते शिवसेनेचे पहिले आमदार. परळचं आणि या गावांचं नातं एवढं जवळचं. मग 1980 मध्ये ‘वस्त्रहरण’ नाटक आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर मानाची जागा मिळवून दिली. ज्या बोलीत बोलायला शहरात पोरं लाजायची, तिच्यावर नाट्यगृहं भरू लागली. पदार्थांचीही भीड चेपली. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. लोक इथे येऊन जेवले आणि घरी परतल्यावर कोंबडी-वडे शोधू लागले.

आता कोकमाला 2016 पासून आणि हापूसला 2018 पासून भौगोलिक मानांकन आहे. तरी शहरात बीट घालून गुलाबी केलेली सोलकढी समोर येतेच. कोकमाचं आगळ चांगलं असेल तर त्या रंगाला कुणाची उसनवारी लागत नाही.

पुन्हा नाक्यावर येऊ. 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट बंद झाला, तेव्हा कोल्हापूरची वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटाकडे वळली. फोंड्याने उतरणारी गाडी कणकवली-नांदगावच्या बाजूला निघते, तळेऱ्याच्या दक्षिणेला. मुंबई-गोव्याची वाहनं मात्र तेव्हाही तळेऱ्यावरूनच जात होती, चौपदरी रस्त्याने, बरीचशी न थांबता.