दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट

इंग्लंड म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. मुलाकडे अगर लेकीकडे दोन महिने राहून आलेले गृहस्थही परतल्यावर राजवाड्याविषयी, घड्याळाच्या मनोऱ्याविषयी आणि मेणाच्या पुतळ्यांविषयीच सांगतात. पुष्कळसे इंग्रज कुटुंब मात्र रविवारी शहराकडे पाठ फिरवते आणि मोटारीत मुलेबाळे, कुत्रा, चहाचा थर्मास, सँडविचचा डबा आणि (ऊन कितीही लख्ख पडलेले असो) पावसाळी कोट टाकून खेड्याची वाट धरते. ते खेडे आणि त्या सहली यांविषयी आम्हांला येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

आपल्याकडे सहलीला काही निमित्त लागते. बडोदेकर पावागडास जातात ते महाकालीच्या दर्शनाला, इंदूरकर पातालपाणीला जातात ते धबधबा पाहावयास, बेळगावकर गोकाकला जातात तेही त्याचसाठी. इंग्रज माणूस पुष्कळदा नुसता चालावयास जातो. सात-आठ मैल चालावे, टेकडीवर बसून गार सँडविच खावे आणि चिखलाने माखलेले गमबूट घेऊन घरी यावे, एवढ्यात त्याचा दिवस सार्थकी लागतो. पहिल्यांदा हे जरा बेचव वाटते, हे कबूल केले पाहिजे. पुरीभाजी आणि चिवडा बरोबर असला की चालण्याला पुष्कळच गोडी येते, असा आमचा अनुभव आहे.

या चालण्याची गंमत त्या वाटेतच आहे. एका शेताच्या कुंपणापाशी लाकडी खांब उभा होता आणि त्यावर सार्वजनिक पायवाटेची खूण होती. पुढे गव्हाच्या उभ्या पिकातून, मधोमध, हातभर रुंदीची वाट पलीकडच्या चर्चपर्यंत गेलेली. आम्ही थबकलो. न विचारता कोणाच्या रानात शिरावे, असे वळण आपल्याला नाही. परंतु बरोबरची मुले केव्हाच पुढे धावली होती. त्यांना त्यात काही विशेष वाटलेच नाही. कायदा त्यांच्याच बाजूचा आहे. जमीन शेतकऱ्याची, पण तीवरून चालण्याचा हक्क सर्वांचा. मालकाने नांगरट केली तरी वाट पुन्हा मोकळी करून देणे त्याला बंधनकारक असते. गुरे बाहेर जाऊ नयेत पण माणूस जावा, म्हणून कुंपणावर लाकडी पायऱ्या असतात. फाटक उघडलेत तर मागे कडी लावावयाची, एवढेच पथ्य. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटा सुमारे १,४०,००० मैल भरतात. सरकारी नकाशांवर त्या तुटक हिरव्या रेषांनी दाखविलेल्या असतात, आणि असा एक नकाशा खिशात असला की वाटाड्याची गरज राहत नाही.

हा हक्क कोणी ताटात वाढून दिलेला नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावोगावची गायराने आणि माळराने कुंपणात घातली आणि ती जमीनदारांच्या पदरात पडली. जुन्या वाटा काही ठिकाणी टिकल्या. परंतु उत्तरेकडील डोंगरमाथे मात्र धनिकांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखले गेले. त्या डोंगरांच्या दोन्ही अंगांना मँचेस्टर आणि शेफील्ड ही धुराने काळवंडलेली शहरे. ज्या मँचेस्टरच्या कापडाच्या आपल्याकडे होळ्या पेटत होत्या, तेथील कामगारांना आठवड्यातून एक दिवस मोकळी हवा मिळावयाची, आणि समोरचा डोंगर राखणदारांनी अडविलेला. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या अवघ्या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे माणसे हेफील्ड गावाहून निघाली आणि किंडर स्काउट या डोंगरावर बंदी मोडून चढली. राखणदारांशी झटापट झाली, धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्याच सुमारास आपल्याकडे कायदेभंगाने तुरुंग भरत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही हकीकत आपल्याला फारशी परकी वाटत नाही. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली पहिले उद्यान घोषित झाले ते नेमके त्याच डोंगराळ भागात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. माळरानांवर मोकळेपणी फिरण्याचा हक्क देणारा कायदा तर २००० साली आला. आज तेथे पोरेसोरे पतंग उडवितात.

वाटांनंतर वाडे. इंग्लंडमधील मोठ्या सरदारी वाड्यांचे दरवाजे सर्वसामान्यांना उघडले ते बहुतांशी करामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर मालक निवर्तला की वारसाला मिळकतीवर जबरदस्त मृत्युकर भरावा लागे. डेव्हनशरचा दहावा ड्यूक १९५० साली वारला तेव्हा तो शेकडा ८० होता. चॅट्सवर्थचा वाडा वाचविण्यासाठी घराण्याला हार्डविक हॉल हा दुसरा वाडा सोडून द्यावा लागला. लाँगलीटच्या मार्क्विस ऑफ बाथने १९४९ सालीच तिकीट लावून वाडा उघडला होता. पुढे १९६६ साली त्याने बागेत सिंह आणून सोडले, आणि मोटारीच्या काचा वर करून सिंहांमधून फिरण्याची सोय केली. पूर्वजांच्या तसबिरींपेक्षा सिंहांना गर्दी अधिक, यात नवल नाही. ज्यांना हे जमले नाही त्यांतील कित्येकांनी वाडे नॅशनल ट्रस्टच्या हवाली केले. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि रॉन्झली नावाचे एक पाद्री, या तिघांनी १८९५ साली ही संस्था काढली. तिने घेतलेली पहिली इमारत म्हणजे ससेक्समधील आल्फ्रिस्टन गावचे जुने गवताने शाकारलेले पाद्र्याचे घर. किंमत अवघी १० पौंड. आता तिकिटे पाहून मात्र छाती दडपते. महिनाभर फिरावयाचे असेल तर संस्थेचे वार्षिक सभासदत्व परवडते, आणि वाड्याऐवजी तबेल्यातील उपाहारगृहात स्कोन, मुरंबा आणि घट्ट साय खात बसणारे सभासदही आम्ही पुष्कळ पाहिले.

या वाड्यांतून हिंडताना आपल्या मनात एक प्रश्न येतोच, की हा एवढा पैसा आला कोठून? २०२० साली नॅशनल ट्रस्टनेच एक अहवाल काढला आणि आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचा वसाहतींशी अगर गुलामांच्या व्यापाराशी असलेला संबंध नोंदविला. त्यावर तेथे मोठा गदारोळ झाला. सुटीच्या दिवशी असले कशाला उकरता, असा पुष्कळांचा सूर होता. आम्हांला तो सूर पटला नाही. ग्लॉस्टरशरमध्ये मॉरटन-इन-मार्शजवळ सेझिनकोट नावाचे एक खाजगी घर आहे. कंपनीच्या नोकरीत भारतात श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधले. हिरव्या कुरणांत मेंढ्या चरत आहेत आणि मध्येच तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, मोगली छज्जे, ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसलेले नंदी आणि बागेत सूर्याचे छोटे देऊळ! पाहताना हसू येते आणि पाठोपाठ काही टोचतेही. बाग ठराविक दिवशीच उघडते, म्हणून आधी चौकशी करून जावे.

याच्या उलट गोष्ट ऑक्सफर्डशरमधील स्टोक रो या खेड्याची. हा सारा चिल्टर्न टेकड्यांचा भाग चुनखडीचा; पडलेले पाणी खोल मुरते आणि उन्हाळ्यात डबकी आटली की गावाचे हाल होत. या भागातील एडवर्ड रीड हा इंग्रज अंमलदार आपल्या वायव्य प्रांतांत नोकरीस होता. घरातले उरलेसुरले पाणी प्यायल्याबद्दल आपल्याकडे एका पोराला मार बसल्याची हकीकत त्याने काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. महाराजांनी ती ध्यानात ठेवली, आणि त्या गावाला विहीर खणून देण्याचे ठरविले. गंगेकाठच्या राजाने इंग्लंडातील खेडुतांना पाणी पाजावे, हे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. २४ मे १८६४ रोजी विहीर खुली झाली. व्यास केवळ चार फूट आणि खोली ३६८ फूट, म्हणजे कुतुबमिनार उतरविला तर वर आणखी शंभरांहून अधिक फूट उरावेत. आणि हे सारे खोदकाम हातांनी केलेले. वर सुबक घुमटी, रहाटावर सोनेरी हत्ती, शेजारी राखणदाराचे टुमदार घर. देखभालीचा खर्च निघावा म्हणून महाराजांनी चेरीच्या झाडांची बागही लावून दिली आणि तिचे नाव ठेवले ‘ईश्री बाग’. पाणी सर्वांना फुकट. कितीतरी पिढ्यांनी ते वापरले. आज रहाट स्तब्ध असला तरी विहीर जपून ठेवलेली आहे, आणि तिकीट वगैरे काही नाही. मुलांना ती अवश्य दाखवावी. घुमटीखाली दशम्या सोडून बसलो असताना आम्हांला कोणी हटकले नाही.

लहान मुले बरोबर असतील तर लंडनच्या मेरिलबोन स्टेशनवरून गाडीने बीकन्सफील्डला जावे. तेथे स्टेशनजवळच बेकनस्कॉट हे चिमुकले गाव आहे. रोलंड कॅलिंगहम या हिशेबनिसाने आपल्या बागेत ते वसविले आणि १९२९ साली लोकांसाठी खुले केले. फुटाला एक इंच या मापाने रचलेली घरे, चर्च, बंदर, क्रिकेटचा सामना आणि या सर्वांमधून धावणारी आगगाडी. काळ १९३० च्या आसपास थांबविलेला. याच गावात वर्षानुवर्षे राहिलेल्या एनिड ब्लायटनच्या घराची प्रतिकृतीही तेथे आहे; तिची पुस्तके वाचलेल्या आईबापांना मुलांहून अधिक आनंद होतो. नफा धर्मादाय कामाला जातो. हिवाळ्यात मात्र हे गाव बंद असते.

याच बीकन्सफील्डशी आपल्या लोकांचा एक जुना संबंध आहे. १७८१ साली राघोबादादांचे वकील विलायतेत मदत मागावयास गेले होते: हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ, आणि त्यांच्यासोबत मणियार रतनजी हे पारशी व त्यांचे चिरंजीव. लंडनमध्ये हणमंतरावांच्या सोवळ्याओवळ्याचे भारी हाल होऊ लागले. पार्लमेंटमधील प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क याला ते कळले, तेव्हा त्याने या मंडळींना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि स्वयंपाकासाठी बागेतले काचघर मोकळे करून दिले. उष्ण देशांतील झाडे थंडीपासून जपण्यासाठी बांधलेल्या त्या घरात कोणाचीही शिवाशिव न होता चूल पेटली. वकिली मात्र फळाला आली नाही. पुढच्याच वर्षी ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला तह झाला आणि दादांच्या पेशवाईच्या आशेवर इंग्रजांनी पाणी सोडले.

बर्कचे ते घर १८१३ साली जळून गेले. तो स्वतः जुन्या गावातील चर्चमध्ये चिरनिद्रा घेत आहे. बेकनस्कॉटहून तेथवर सुमारे मैलभर चालावे लागते. रस्ता सपाट आहे, वृद्धांनाही झेपतो.